नर्सिंगमध्ये संशोधन रुजवायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्डात काम करणाऱ्या, कॉलेजात शिकवणाऱ्या आणि ऑफिसात बसून ड्युटीचं रोस्टर लावणाऱ्या नर्सेसकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. मी आधी बरीच वर्षं वॉर्डात होते, नंतर संशोधन शिकवायला लागले. त्यामुळे उत्तरांत दोन्हीकडचा सूर लागलेला दिसेल.

संशोधन क्षमता वाढवणं म्हणजे नेमकं काय?

साधी कसोटी आहे. तुमच्या संस्थेत नर्सिंग संशोधनाचा गाडा जी व्यक्ती ओढते, ती उद्या बदली होऊन गेली तर काय होईल? काम चालू राहिलं तर क्षमता आहे असं समजा. फाइली कपाटात गेल्या आणि महिन्याभरात किल्लीही सापडेनाशी झाली, तर ती एका माणसाची हौस होती.

ब्रिटनमधल्या संशोधक जो कुक यांनी २००५ मध्ये यासाठी एक चौकट मांडली. तिचा गाभा असा की क्षमता एकट्या व्यक्तीत नसते. ती टीममध्ये असते, संस्थेत असते आणि संस्थेबाहेरच्या ओळखीपाळखीतही असते. या सगळ्या पातळ्यांवर एकाच वेळी काम व्हावं लागतं. बहुतेक ठिकाणी फक्त पहिल्या पातळीवर होतं: दोन दिवसांची कार्यशाळा, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. सोमवारी त्याच सिस्टर त्याच ड्युटीवर जातात आणि कार्यशाळेतली फाइल लॉकरमध्ये पडून राहते. कार्यशाळा वाईट नसते, पण तिच्या पुढचं कुणी काहीच ठरवलेलं नसतं.

पण नर्सने संशोधन करायचंच कशाला? डॉक्टर करतात की.

करतात, आणि चांगलं करतात. पण नर्सिंगमधले कितीतरी प्रश्न त्यांना पडतच नाहीत, कारण ती कामं ते करत नाहीत.

हाताला लावलेल्या कॅन्युलाचंच घ्या, म्हणजे औषध-सलाईनसाठी शिरेत घातलेली बारीक नळी. ती दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बदलायची, हा नियम आपण सगळ्याच शिकलो. शीर चांगली चालू असो, सूज नसो, दुखत नसो, दिवस भरला की काढायची आणि दुसरी टोचायची. रुग्ण हात मागे घेतो, आपण समजूत घालतो. क्लेअर रिकर्ड या ऑस्ट्रेलियातल्या नर्स-संशोधक. त्यांच्या गटाने ३,२८३ रुग्णांवर चाचणी घेतली. अर्ध्या रुग्णांची कॅन्युला ठरावीक दिवशी बदलली, अर्ध्यांची गरज दिसली तरच. शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्के निघालं. २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि पुढे बऱ्याच मार्गदर्शक सूचना बदलल्या. हा प्रश्न सुचायला मोठं यंत्र लागलं नाही. रोज तोच हात पुन्हा टोचायची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांच्यातल्याच कुणाला तरी तो सुचणार होता.

कॅन्युला बंद पडू नये म्हणून तिच्यात हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध सोडायची पद्धतही अशीच होती. १९९१ मध्ये कोलीन गुड आणि त्यांच्या सहकारी नर्सेसनी तोवर झालेले अभ्यास एकत्र करून तपासले. साध्या सलाईनने फ्लश केलं, म्हणजे नळी धुतली, तरी हातातली कॅन्युला तितकीच चालू राहते, असं दिसलं. एक औषध वाचलं, त्याची जोखीम टळली आणि ड्युटीवरचं एक कामही हलकं झालं.

त्याआधीचं उदाहरण डोरीन नॉर्टन यांचं. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या पाठीला स्पिरिट चोळा, पावडर लावा, मसाज करा, हे वर्षानुवर्षं चालू होतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून कळलं की चोळण्या-लावण्यापेक्षा वेळच्या वेळी कूस बदलून दाब कमी करण्याला जास्त महत्त्व आहे. बेडसोरचा, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांचा, धोका आधीच ओळखता यावा यासाठीचं नॉर्टन मोजमाप त्याच कामातून आलं. १९८७ मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी त्याच कामासाठी ब्रेडन मोजमाप दिलं. त्याही नर्सच.

नाइटिंगेलबाईंचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही का?

नाही सरकत, पण आपण भलत्याच कारणासाठी ते घेतो. हातात दिवा घेतलेली बाई सगळ्यांना आठवते, तक्ते काढणारी बाई कुणाला आठवत नाही. क्रिमियन युद्धात १८५४ मध्ये त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. तिथून परतल्यावर त्यांनी सैनिकांचे मृत्यू महिनावार मांडले, कारणांनुसार वेगळे केले आणि गोल पाकळ्यांच्या आकृतीत काढून दाखवले. जखमांनी मेलेल्यांची पाकळी लहान होती. टाळता आल्या असत्या अशा रोगांनी मेलेल्यांची पाकळी प्रचंड होती. हे १८५८ मधलं. त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं, आणि तिथवर पोचलेल्या त्या पहिल्या स्त्री.

त्यानंतरचं मोठं अंतर मात्र पाहण्यासारखं आहे. 'नर्सिंग रिसर्च' हे संशोधनालाच वाहिलेलं नियतकालिक अमेरिकेत निघालं ते थेट १९५२ मध्ये. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नर्सिंग संशोधनाचं केंद्र १९८६ मध्ये आलं आणि १९९३ मध्ये त्याला स्वतंत्र संस्थेचा दर्जा मिळाला. मधला काळ रिकामा राहायला कारणं होती. नर्सिंगचं शिक्षण रुग्णालयातच व्हायचं, विद्यार्थिनी म्हणजे स्वस्तातले हात, आणि शिकवण एकच: सांगितलं तेवढं करा. 'का?' विचारणारी मुलगी उद्धट ठरायची. काही वॉर्डांत अजूनही ठरते.

आमच्याकडे वेळच नाही. ड्युटी करायची की संशोधन?

या पानावरचा सगळ्यात खरा प्रश्न हाच. 'इच्छा असली की वेळ निघतो' असं उत्तर मी देणार नाही, कारण ते खोटं आहे. निघतो तो घरचा वेळ, झोपेचा वेळ. अशा वेळावर उभं राहिलेलं संशोधन एका प्रबंधापुरतं टिकतं.

वेळ रोस्टरवर लिहावा लागतो. जशी 'नाइट' लिहितात, 'ऑफ' लिहितात, तशी 'संशोधन' अशी नोंद. आठवड्यातले चार तास असले तरी चालतील, पण ते तक्त्यावर दिसले पाहिजेत आणि त्या वेळेत त्या सिस्टरच्या जागी दुसरी कुणीतरी असली पाहिजे. दुसरं माणूस न देता 'तुम्हाला गुरुवारी दुपारी मोकळीक दिली आहे' असं सांगणं म्हणजे तिला तिच्याच मैत्रिणींच्या नजरेत कामचुकार ठरवणं. गुरुवारी दुपारी दोन अॅडमिशन आल्या की ती आपोआप उठून वॉर्डात जाते. पुढच्या गुरुवारी ती मोकळीक मागतच नाही.

सगळ्यांना हे तास द्यायची गरज नसते. एका वॉर्डात एखाद-दुसरीला दिले तरी पुरतात, पण वर्षभर सलग. महिनाभर देऊन काढून घेतले तर न दिलेलेच बरे होते.

मेट्रन (रुग्णालयातल्या नर्सेसच्या प्रमुख) किंवा नर्सिंग प्रशासनाला हे पटवायचं कसं?

त्यांच्याच भाषेत बोला. माणसं कमी आहेत ही त्यांची रोजची ओरड असते. पण ती ओरड आकड्यांत मांडली कुणी? नर्सिंग संशोधनानेच. अमेरिकेतल्या नर्स-संशोधक लिंडा एकिन यांच्या गटाने २००२ मध्ये तिथल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांची माहिती तपासली. एका नर्सकडे सरासरी एक रुग्ण जास्त आला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची संभाव्यता ७ टक्क्यांनी जास्त दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांच्या ३०० रुग्णालयांतही तोच आकडा आला. त्याच अभ्यासात हेही दिसलं की पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असलं, तर ही संभाव्यता ७ टक्क्यांनी कमी होती.

हे निरीक्षणातून आलेले संबंध आहेत, चाचणी करून सिद्ध केलेलं कारण नव्हे, हेही सांगून टाका. पलीकडचा माणूस ते विचारणारच असतो. आपण आधी सांगितलं की बोलण्याला वजन येतं.

संशोधनाचा प्रश्न आणायचा कुठून?

हँडओव्हरमधून, म्हणजे ड्युटी बदलताना एकीने दुसरीला पेशंटची माहिती देते त्या बोलण्यातून. तिथे रोज प्रश्न पडतात आणि रोज वाऱ्यावर जातात.

एकदा नुकतीच रुजू झालेली एक मुलगी म्हणाली, "सिस्टर, रात्री दोनचं बीपी घ्यायला गाढ झोपलेल्या पेशंटला उठवायचंच का?" बाकीच्या हसल्या. मला तो प्रश्न सोन्यासारखा वाटला. तो अभ्यासाजोगा करायचा तर नुसतं खोदत जायचं. कुठले पेशंट? सगळे नाहीत, ज्यांची स्थिती गेले चोवीस तास स्थिर आहे आणि ज्यांचा अर्ली वॉर्निंग स्कोअर (तब्येत बिघडण्याचा धोका दाखवणारा आकडा) खाली आहे, तेवढेच. त्यांच्यासाठी वेगळं काय करायचं? मध्यरात्रीनंतरची एक फेरी गाळायची, श्वास मात्र न उठवता मोजायचा. कशाशी तुलना? सध्याच्या चार-चार तासांच्या फेऱ्यांशी. मोजायचं काय? सलग झोप किती तास लागली ते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे फेरी गाळल्यामुळे कुणाची बिघडलेली तब्येत उशिरा लक्षात आली का ते.

झालं. रुग्ण, उपाय, तुलना आणि परिणाम या चार खुंट्यांना 'पिको' म्हणतात. पुस्तकात ते वाचताना डोकं जड होतं, चहाच्या टेबलावर दहा मिनिटांत जमतं. त्यातही 'तब्येत बिघडली तर' हा भाग त्या मुलीच्या डोक्यात आला नव्हता. तो आला वीस वर्षं नाइट केलेल्या एका सिस्टरच्या तोंडून, ज्या 'आम्हाला कुठलं संशोधन येतंय' म्हणत बाजूला बसल्या होत्या.

प्रश्न सुचला की लगेच फॉर्म छापायला धावू नका. आधी शोधा, कुणीतरी त्याचं उत्तर दिलेलं असू शकतं. उत्तर आधीच असेल तर आपलं काम ते वॉर्डात आणायचं, आणि तेही काही कमी काम नाही.

ऑडिट, गुणवत्ता सुधारणा आणि संशोधन यांत फरक काय?

ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे होतंय का, हे पाहणं म्हणजे ऑडिट. होत नसेल तर ते आपल्याच वॉर्डात थोडं थोडं बदलत, मोजत सुधारणं म्हणजे गुणवत्ता सुधारणा. काय केलेलं बरं हे कुणालाच माहीत नाही आणि ते इतरांच्याही उपयोगी पडेल अशा रीतीने शोधून काढायचं आहे, ते संशोधन. सीमारेषा धूसर असतात. शंका आली तर एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासणाऱ्या समितीला, विचारा. 'हे ऑडिट आहे' असं स्वतःच ठरवून परवानगी टाळू नका. आणि सुरुवात करायची असेल तर ऑडिटपासूनच करा. मोजायची सवय तिथेच लागते.

प्रबंध होतात, पण उपयोग काही होत नाही. असं का?

कारण ते पदवीसाठी झालेले असतात. विद्यार्थिनीला ठरलेल्या महिन्यांत संपेल, परवानगी पटकन मिळेल आणि गाईडला ओळखीचा वाटेल असा विषय हवा असतो. मग दर वर्षी तेच: अमुक विषयाचं ज्ञान तपासा, तासभर शिकवा, लगेच पुन्हा तपासा, गुण वाढले, निष्कर्ष लिहा. आत्ताच शिकवलेलं आत्ताच विचारलं तर गुण वाढणारच! त्याने रुग्णाचं काय भलं झालं, हे कुणी पाहत नाही.

यावरचा उपाय माझ्या मते सोपा आहे, पण कॉलेजांच्या गळी उतरत नाही. दहा विद्यार्थिनींना दहा वेगळे विषय देण्याऐवजी संस्थेने एक-दोन मोठे प्रश्न पाच वर्षांसाठी धरावेत, समजा बेडसोर, नाहीतर बाळंतिणीचं स्तनपान. पहिली तुकडी प्रमाण मोजेल, दुसरी कारणं शोधेल, तिसरी उपाय करून पाहील. सगळ्यांना पदवी मिळेल आणि पाचव्या वर्षी हातात काहीतरी ठोस असेल. गाईडलाही एका विषयात मुरायला मिळेल. आज गाईड एकाच वर्षात मधुमेहापासून मोबाईलच्या व्यसनापर्यंत सगळ्याचं मार्गदर्शन करत असतात.

माहिती गोळा करताना सर्वांत मोठी चूक कुठे होते?

माझीच सांगते. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर काम करत होते. दर दोन तासांनी वेदनेची नोंद, असा छान फॉर्म बनवला: वेदना किती, कुठे, कशाने वाढते, झोप कशी, औषध कधी दिलं. पंधरा दिवसांनी कागद हातात आले. दिवसाच्या नोंदी ठीक होत्या. रात्रीचे रकाने मात्र एकाच पेनाने, एकाच झोकात भरलेले. ३, ३, ३, ३. पहाटे पाचला बसून कुणीतरी सगळे उरकले होते.

मला राग आला. मग एका रात्री मी स्वतः त्या वॉर्डात बसले आणि घड्याळ लावून पाहिलं. एक फॉर्म भरायला चार मिनिटं लागत होती. वॉर्डात तीस पेशंट. म्हणजे एका फेरीला १२० मिनिटं, आणि फेरी दर १२० मिनिटांनी! मी त्या सिस्टरकडे अख्खी रात्र मागितली होती, तीही औषधं, सलाईन, अॅडमिशन सोडून. तिने कागद भरले हेच माझ्यावर उपकार होते.

फॉर्म बदलला. फक्त त्याच दिवशी ऑपरेशन झालेले पेशंट, चार तासांनी एकदा, एकच आकडा, तोही टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवरच जादा ओळ आखून. नोंदी खऱ्या यायला लागल्या. आधीच्या पंधरा दिवसांचे कागद मी बाजूला ठेवले आणि अहवालात तसं लिहिलं. तेव्हापासून कुठलाही फॉर्म आधी मी स्वतः रात्रपाळीत भरून पाहते.

आकडेशास्त्राची भीती वाटते. त्याशिवाय चालेल का?

पूर्णपणे नाही, पण तुम्हाला वाटतं तितकं लागत नाही. सरासरी आणि मध्यक यांत फरक काय, टक्केवारी कशाची काढली, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या मर्यादांत असावा तो पट्टा) रुंद आहे की अरुंद, एवढं कळलं तरी निम्मे शोधनिबंध उलगडतात. ठिबकचा वेग आणि लहान मुलांचा डोस मनातल्या मनात काढणाऱ्या बायकांना गणित येत नाही, हे मला मान्यच नाही.

आकडेतज्ज्ञाची मदत जरूर घ्या, पण आधी. माहिती गोळा झाल्यावर आकडेतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे शवविच्छेदनाला बोलावणं, अशा अर्थाचं संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ मध्येच सांगून गेले. अभ्यास कशाने मेला एवढंच तो तज्ज्ञ सांगू शकतो.

नमुना किती घ्यायचा? तीस पुरेत का?

'तीस' हा आकडा कुठून आला ते कुणी सांगत नाही, पण सगळ्या वापरतात. नमुना प्रश्नावर ठरतो: किती फरक शोधायचा आहे आणि ती घटना मुळात किती वेळा घडते, यावर. एक हिशेब लक्षात ठेवा. शंभर रुग्णांत एकही गुंतागुंत दिसली नाही, तरी तिचं खरं प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकतं. तीस रुग्णांत दिसली नाही तर जवळपास १० टक्क्यांपर्यंत. म्हणून 'आमच्या तीस पेशंटना काही झालं नाही, पद्धत सुरक्षित आहे' हे वाक्य लिहू नये. मुलाखतींवर आधारलेल्या गुणात्मक अभ्यासाचं वेगळं असतं. तिथे नवं काही कानावर येईनासं होईपर्यंत बोलत राहायचं.

एथिक्स कमिटीची परवानगी साध्या प्रश्नावलीलाही लागते का?

लागते असंच धरून चाला. जोखीम कमी असेल तर कमिटी लवकर सोडवते.

नर्सच्या बाबतीत यात एक जास्तीची मेख आहे. रुग्ण आपल्यावर अवलंबून असतो. ज्या सिस्टरच्या हातून दुपारी इंजेक्शन घ्यायचं आहे, तिने सकाळी संमतीपत्र पुढे केलं तर 'नाही' म्हणायची छाती किती जणांची होईल? म्हणून शक्य असेल तिथे संमती दुसऱ्या वॉर्डातल्या व्यक्तीने घ्यावी, आणि 'नाही म्हटलंत तरी उपचारात काडीचा फरक पडणार नाही' हे मोठ्याने, वाचून नव्हे तर बोलून सांगावं.

आपल्यावरचा विश्वास कसा वापरला जाऊ शकतो, याचं उदाहरण इतिहासात आहे. अमेरिकेत टस्कीगीच्या परिसरात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं गेलं. पेनिसिलिन आल्यावरही ते दिलं नाही. या माणसांना अभ्यासाशी बांधून ठेवणारा दुवा होत्या युनिस रिव्हर्स नावाच्या नर्स. त्या घरोघर जात, विचारपूस करत, गाडीतून तपासणीला नेत. माणसांचा डॉक्टरांपेक्षा त्यांच्यावर भरवसा होता. ते प्रकरण उघडकीला आल्यावरच माणसांवरच्या संशोधनाची नीती सांगणाऱ्या १९७९ च्या बेलमाँट अहवालाची तत्त्वं आली. नर्सिंगच्या प्रत्येक संशोधन वर्गात वैद्यकीय संशोधनाच्या नीतीबद्दलच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याबरोबर ही गोष्टही सांगितली जावी, असं मला वाटतं. आपण त्यात पीडितांच्या बाजूला नव्हतो.

माहिती आम्ही गोळा करतो, नाव मात्र दुसऱ्यांचं लागतं. काय करायचं?

सुरू होण्याआधी कागदावर ठरवायचं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपणाच्या चार अटी घातल्या आहेत: आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा डोकं लावून तपासणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही लागतात. म्हणजे नुसते फॉर्म भरून लेखक होता येत नाही. पण नुसतं विभागप्रमुख असूनही होता येत नाही.

म्हणून 'आमचं नाव घाला' एवढं म्हणून थांबू नका, 'आम्हाला मसुदा वाचायला द्या' म्हणा. एकदा मसुदा वाचला, त्यात खुणा केल्या की दुसरी अट पुरी होऊ लागते. खरी तालीमही तिथेच होते.

जर्नल क्लब (एकत्र बसून शोधनिबंध वाचायचा गट) तीन महिन्यांत बंद पडतो. का?

कारण त्यात बत्तीस पानांचा पेपर स्क्रीनवर लावून वाचून दाखवतात, तोही ड्युटी सुटल्यावर. त्याऐवजी हँडओव्हरला जोडून वीस मिनिटं, एकच पेपर, एकच सवाल ठेवा: हे आपल्या वॉर्डात करायचं का? उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'आणखी शोधू' यांपैकी एक, आणि ते वहीत लिहायचं. इन्चार्ज सिस्टर स्वतः बसल्या तर क्लब टिकतो. त्या 'तुम्ही बसा, मी राउंडला आहे' म्हणाल्या तर टिकत नाही.

पीएच.डी. केल्याशिवाय संशोधन करता येणार नाही का?

येतं. वाचता सगळ्यांना यावं, मोजता आणि नोंदवता बऱ्याच जणींना यावं, अभ्यास आखून तडीस नेणाऱ्या थोड्या लागतात. त्या थोड्यांना पीएच.डी. हवी. अडचण अशी की पीएच.डी. झालेली नर्स वॉर्ड सोडून कॉलेजात जाते, कारण वॉर्डात तिच्यासाठी पदच नसतं. मग कॉलेजात पेशंट नाहीत आणि वॉर्डात संशोधक नाही. निम्मा वेळ वॉर्ड, निम्मा वेळ कॉलेज, आणि दोन्हीकडून पगार, अशी संयुक्त पदं काही देशांत आहेत. मला विचाराल तर दहा कार्यशाळांपेक्षा असं एक पद परवडलं.

निष्कर्ष 'काही फरक नाही' असा आला तर काम वाया गेलं का?

वर रिकर्ड यांचा आकडा पुन्हा पाहा. दोन्हीकडे ७ टक्के. फरक नाही, हेच तर त्या कामाचं मोल! मात्र लहान नमुन्यामुळे फरक दिसला नाही आणि मुळात फरकच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३,२८३ रुग्ण त्यासाठीच लागले.

परदेशी प्रश्नावली भाषांतर करून वापरली तर चालेल?

मूळ लेखकाची परवानगी घेऊन. एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट फिरवायचं, दोन्ही ताडून पाहायची, मग दहा-पंधरा रुग्णांना विचारून बघायचं. 'उदास वाटतं का?' याला 'नाही' म्हणणारी व्यक्ती 'कशातच मन लागत नाही का?' याला लगेच 'हो' म्हणते. शब्द बदलला की मोजमाप बदलतं.

छापायला पैसे मागणारी नियतकालिकं खरी की खोटी?

पैसे मागणं हा एकटा पुरावा नाही. बरीच चांगली खुली, म्हणजे वाचकांना फुकट वाचता येणारी, नियतकालिकंही आकारतात. 'आदरणीय डॉक्टर' असा मायना, आठवड्यात छापून देण्याची हमी आणि कुणीही तपासल्याची खूण नाही, असं दिसलं की लांब राहा. संपादक मंडळातल्या एखाद्या व्यक्तीला ईमेल करून विचारा, की आपण खरंच या मंडळावर आहात का. उत्तरं कधी कधी करमणूक करतात.

आम्हाला उद्यापासून काय सुरू करता येईल?

एक वही. हँडओव्हरच्या टेबलाशी ठेवा, वर तारीख आणि खाली 'हे आपण असं का करतो?' एवढंच. ज्या सिस्टरला, ब्रदरला, विद्यार्थ्याला काही खटकेल त्यांनी एक ओळ लिहायची, नाव नाही लिहिलं तरी चालेल. महिन्याअखेरीस इन्चार्जनी त्यातली एक ओळ निवडून शोधायला द्यायची आणि पुढच्या महिन्यात उत्तर त्याच ओळीखाली लिहायचं. पहिले काही दिवस थट्टेच्या ओळी येतील, त्या खोडू नका. वही जाड पुठ्ठ्याची घ्या आणि पेन दोरीने बांधून ठेवा, वॉर्डात पेन टिकत नाही.